शिंजिराचा जोडफोटो

आबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि कालपासून मला तुमचा भयंकर राग आलाय. चहा उतू गेला तर गॅसवरच खेकसले, असा. कारण एक फोटो आहे. आपल्या मागच्या अंगणातल्या डाळिंबावर शिंजिरानं घरटं केलं होतं, त्याचा मी पाठवलेला फोटो पक्ष्यांच्या फोटोंच्या जालन्याच्या प्रदर्शनात पहिला आला. नर आणि मादी दोघं पंख फडफडवत घरट्याच्या तोंडाशी, आत पिल्लांच्या चोची उघड्या. काल प्रदर्शनवाल्यांचा फोन आला. तरुण आवाज, अगदी अदबशीर. म्हणाला, "ताई, अभिनंदन. फक्त शनिवारपर्यंत मूळ फाइल पाठवा, कॅमेऱ्यातून निघाली तशी. नाव जाहीर करायच्या आधी तपासून घेतो." तपासून घेतो! मी विचारलं, का हो, संशय आहे का? तर म्हणे, "तसं नाही ताई, नियम आहे, सगळ्यांकडूनच घेतो." सगळ्यांकडून घेत असतील, पण मला का म्हणून विचारावं? ज्या वयात पोरी सागरगोटे खेळतात त्या वयापासून मी या दुकानात फोटोंवर डोळे फोडतेय. आष्टीच्या आसपासच्या कितीतरी घरांतल्या भिंतींवर माझ्या हातचं काम टांगलेलं आहे, आणि कालचं एक पोरगं मला मूळ फाइल मागतं.

शिंजीर हे नाव पुस्तकातलं. तुम्ही त्याला फुलचुखी म्हणायचात. अंगठ्याएवढं पाखरू. नर उन्हात आला की काळ्याचा जांभळा होतो, जांभळ्याचा निळा. मादी मातकट, पोटाशी फिकट पिवळी. यांचा फोटो काढणं म्हणजे काय असतं ते तुम्हाला कसं कळणार? तुमची गिऱ्हाइकं स्टुलावर बसून श्वाससुद्धा रोखून धरायची. तुम्ही "हलू नका" म्हटलं की पापणी लवायची नाही. पाखराला हलू नको म्हणून सांगता येत नाही. सेकंदाचे दोन हजार तुकडे करायचे आणि त्यातला एक उचलायचा, तेव्हा कुठं पंखाची पिसं वेगवेगळी दिसतात. दिवसभरात काढलेल्यांतले बहुतेक फोटो पुसूनच टाकावे लागतात. कुठं नुसती शेपटी, कुठं रिकामी फांदी हलतेय. मी महिनाभर शेडनेटचा तुकडा बांबूंना बांधून त्याच्यामागं तुमच्याच त्या गोल स्टुलावर बसले. घरट्यापासून बारा पावलं लांब. त्याच्या पुढं गेले नाही, कारण जवळ गेलं की मादी चोचीतला चारा तसाच धरून लिंबावर बसून राहायची आणि आत पिल्लं कालवा करायची. ते मला बघवायचं नाही. घरटं तिनं एकटीनं बांधलं. कोळ्याच्या जाळ्याचे धागे आणून आणून, सालीचे तुकडे चिकटवून, वर एक छोटंसं छप्पर काढून. नर केबलच्या तारेवर बसून गात होता.

आता खरं सांगते, कारण तुम्ही काही कुणाला सांगायला येणार नाही. दोघं एका वेळी घरट्याच्या तोंडाशी एकदाही आली नाहीत. पिल्लं झाल्यावर नर चारा घेऊन यायचा, नाही असं नाही, पण सकाळी, आणि ती निघून गेल्यावर. ती दिवसभर. मी रोज म्हणायची, आज येतील, उद्या येतील. एक दिवस पिल्लं उडून गेली, घरटं रिकामं लोंबकळत राहिलं, आणि माझ्याकडं नराचे फोटो वेगळे आणि मादीचे वेगळे. मग मी कॉम्प्युटरपुढं बसले आणि जोड केला. संध्याकाळच्या फोटोतली मादी आणि पिल्लं तशीच ठेवली. सकाळच्या फोटोतला नर कापून घेतला. त्याच्या अंगावर ऊन दुसऱ्या बाजूनं होतं, म्हणून त्याला आरशातल्यासारखा फिरवला, सकाळचा उजेड जरा केशरी केला, पंखांच्या कडा मऊ केल्या, मागची केबल पुसली आणि त्याला घरट्याच्या डाव्या अंगाला बसवला. तीन दुपारी गेल्या त्यात. कुणाच्या बापाला ओळखू येणार नाही असा जोड झाला. बाप म्हणजे तुम्ही. तुम्हालाही ओळखता आला नसता.

यात खोटं काय, ते सांगा. नर खरा, मादी खरी, घरटं त्यांचंच, पिल्लं त्यांचीच. फक्त वेळ वेगळी. आणि बाकीचे जे 'नैसर्गिक' म्हणून मिरवतात, त्यांचं मला ठाऊक नाही का? एकजण परसात वाळकी फांदी रोवतो, तिला दोऱ्यानं जास्वंद बांधतो, फुलात पिचकारीनं साखरेचं पाणी घालतो, मागं बायकोचं हिरवं लुगडं ताणून धरतो म्हणजे मागचं सगळं कसं मऊ हिरवं दिसावं. पाखरू बिचारं भुलून येतं, साखर पितं, आणि हा घटकाभरात फोटो काढून जेवायला मोकळा. त्याची मूळ फाइल एकदम चोख! तिच्यात काही सापडायचं नाही, कारण त्यानं लबाडी फोटो काढायच्या आधी केली, मी नंतर केली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. मी महिनाभर उन्हात बसले, कुणाला साखर पाजली नाही, एक पान तोडलं नाही, आणि खोटी मात्र मी.

आणि हा हात मला दिला कुणी? तुम्ही. दादाच्या गळ्यात तुम्ही कॅमेरा अडकवलात, ज्याला शेवटपर्यंत नवरीचं डोकं फ्रेममध्ये घेता आलं नाही, आणि माझ्या हातात पेन्सिल दिलीत. मागच्या खोलीतली ती काच मला अजून दिसते. काचेवर निगेटिव्ह ठेवलेली, खालून दिवा, आणि मी सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीनं कुणाच्या गालावरचे देवीचे व्रण भरतेय, तुमच्या भाषेत टचिंग करतेय. मग तुम्ही जोड शिकवलात. बाजाराच्या दिवशी खेड्यांवरून माणसं यायची, पिशवीतून दोन फोटो काढायची, एक आईचा, एक बापाचा, कधी एक जिवंतपणीचा आणि एक कुठल्या जुन्या कार्डावरचा, आणि म्हणायची, "ह्यांना एका जागी बसवून द्या." ब्लेडनं आकार कापायचा, मागून कडा बारीक पॉलिशपेपरनं घासून कागदासारख्या पातळ करायच्या, चिकटवायचं, सांधा ब्रशनं भरायचा आणि त्याचा परत फोटो काढायचा. एकदा मी उजेड बघितलाच नाही. बाप डावीकडून उजळलेला, आई उजवीकडून. तुम्ही तो जोड माझ्यापुढं भिरकावलात. "ऊन दोन बाजूनं उगवून राह्यलंय का गं तुझ्या गावाला?" मी रडले नाही. रात्री जेवले नाही तेवढंच. त्यानंतर माझ्या हातून उजेड कधी चुकला नाही, परवाही नाही चुकला. पण गावभर काय बोललं जायचं? "फोटोवाल्याच्या हातात जादू हाय." लोक तुमच्यापुढं हात जोडायचे, मी पडद्याच्या फटीतून बघायची. हा हात माझ्या पोरीचा आहे, असं म्हणताना मी तुम्हाला कधी ऐकलं नाही, असंच मी सगळ्यांना सांगत आलेय.

एकट्या बाईचा फोटो तुम्हाला कधी आवडला नाही. नवरा वारलेली बाई एकटीचा फोटो काढायला आली की तुम्ही तिला समजावायचात, मालकाचा एखादा जुना असेल तर आणा, आणि ती गेल्यावर मला म्हणायचात, "बाईमाणूस फोटोत एकलं दिसलं का घर रिकामं दिसतंय. जोड कर." तेच डोळे तुम्ही माझ्या डोळ्यांत बसवलेत. आईनं जन्मभर लांबच्या आडावरून फोटो धुवायला पाणी आणलं, आणि तिचा भिंतीवर एकटीचा एकही फोटो नाही. त्या मादीचा एकटीचा फोटो माझ्याकडं होता. मी बघितला आणि मला तो अपुरा वाटला. चूक कुणाची?

गेल्या आठवड्यात बक्षिसाची बातमी आली त्या दिवशी मी फोटो मोठा काढून दुकानात लावला. मागच्या गल्लीतली मावशी कार्डासाठी फोटो काढायला आली होती. तिच्या सासऱ्याची मेंढरं होती, आता तिच्याकडं चार शेळ्या उरल्यात. सकाळी त्या आपल्या कुंपणाला सोडते आणि मग लोकांच्या शेतात रोजानं जाते. फोटोपुढं बराच वेळ उभी राहिली.

"आपल्या डाळिंबावरलंच ना गं हे?"

"हो. कसा आलाय?"

"लई भारी आलाय. पन खोटा हाय."

मला वाटलं, कुणी काही बोललं असेल गावात. चोराच्या मनात चांदणं. म्हटलं, "काय खोटं दिसलं तुला, मावशी?"

"अगं माय, पिल्लांकडं बघ की. दोघं बी चारा घेऊन आल्यात म्हन्तीस, मंग दोन्ही तोंडं तिच्याकडंच कशी? ज्याच्या पंखाचा आवाज, तिकडं पिल्लू तोंड करतंय. येक तरी बापाकडं वळलं असतं. तेंच्या लेखी तो तिथं न्हाईच."

मी म्हटलं, "तुला काय कळतंय फोटोतलं?"

"फोटोतलं बिलकुल न्हाई कळत. पिल्लाचं कळतंय. रोज शेळ्या घेऊन जाते ना तिथून. तो आल्ता की, न्हाई कशाला म्हनू? पन ती गेल्यावर. ती घर बांधून राह्यली तवा हा तारंवर गाणं म्हणून राह्यल्ता." आणि वर हसली. "चल, माझा काढ जल्दी, खुरपायला जायचंय."

उचलली जीभ लावली टाळ्याला! मी तिला स्टुलावर बसवलं, हनुवटी खाली घे म्हटलं ते जरा जोरातच म्हटलं, आणि रागारागात तिचा फोटो काढला. ती गेल्यावर भिंतीवरच्या फोटोजवळ गेले. तीन दुपारी मी सावली बघत होते, पिसांची कड बघत होते, रंग बघत होते. पिल्लांची तोंडं मला दिसलीच नव्हती. जोड करणारा माणूस उजेड जुळवतो. कोण कुणाकडं बघतंय ते बघायला तुम्ही मला शिकवलंच नाही. तुमच्या गिऱ्हाइकांतली सगळी माणसं समोर कॅमेऱ्याकडं बघायची ना. तेव्हापासून मी तो फोटो भिंतीवरून काढून ठेवलाय, आणि मावशीनं विचारलं तर म्हटलं, काच बदलायचीय.

आता ते रीळ. त्याचा हिशोब तुमच्याकडून मला घ्यायचाच आहे. दुकानाबाहेर दाराजवळ गिऱ्हाइकांसाठी आरसा, कंगवा आणि पावडरचा डबा होता. त्या आरशाशी एक फुलचुखीचा नर भांडायचा. आपल्यालाच दुसरा समजून चोच मारायचा, मागं सरायचा, पंख फडफडवत परत यायचा. तुम्ही जेवून आडवे झाला होतात, दादा कुठं बाहेर होता. मी कॅमेरा घेतला. रिळात शेवटचे काही फोटो शिल्लक होते, ते सगळे त्या पाखरावर संपवले. जन्मात पहिल्यांदा मी बटण दाबत होते, आणि एकदा तरी त्याची चोच आणि आरशातली चोच नेमकी टेकलेली मी पकडली होती, हे मी आजही शपथेवर सांगेन. तुम्ही मागं येऊन उभे राहिलात. "पाखरानं सांगितल्तं का तुला, माझा फोटो काढ म्हणून?" कॅमेरा माझ्या हातातून घेतलात, मागचं झाकण उघडलंत आणि रीळ सरसर ओढून उन्हात धरलंत. "पोरीनं टचिंग बघावं. हे तुझं काम न्हाई." मग तुमचा चेहरा उतरला. त्याच रिळावर आदल्या दिवशीचा साखरपुडा होता. सगळाच्या सगळा. तुम्ही रीळ हातात लोंबकळत धरून उभे, आणि मी, मला वाईट वाटायला हवं होतं, पण मला बरं वाटलं. थोड्या वेळानं तुम्ही नवरा-नवरीचे आधी काढलेले दोन सुटे फोटो माझ्यापुढं ठेवलेत. "बस. जोड कर." मी केला. दोघं शेजारी शेजारी पाटावर, नवरीच्या ओटीत नारळ. नारळही दुसऱ्याच कुणाच्या फोटोतला.

ही गोष्ट मी आजवर खूप जणांना सांगितलीय, आणि नेहमी इथंच थांबते. माझी पाखरं त्यांनी जाळली आणि निस्तरायलाही मलाच बसवलं, एवढं म्हणते, लोक चुकचुकतात. आज सकाळी भांडी घासताना पुढचंही आठवलं. मला नको होतं ते. तुम्ही तो जोड वाळल्यावर उलटा केलात आणि मागं पेन्सिलीनं लिहिलंत: जोड. प्रत्येक जोडाच्या मागं तुम्ही ते लिहायचातच, उद्या कुणी कचेरीत पुरावा म्हणून नेला तर फसायला नको म्हणून. मग टोपी घातलीत, मला सायकलच्या मागं बसवलंत आणि भर उन्हात नवरीच्या घरी गेलात. ओट्यावर चार माणसं बसलेली. तुम्ही पाणीसुद्धा न घेता म्हणालात, "रीळ माझ्या हातानं खराब झालं. म्या उन्हात धरलं. हा जोड हाय, माझ्या लेकीनं केलाय." कॅमेरा मी घेतला होता, हे तुम्ही बोलला नाहीत. नवरीचा बाप नाही नाही ते बोलला. "तुमच्यावर भरवसा ठेवला, अन् तुम्ही माझ्या पोरीच्या साखरपुड्याचा असा कारभार केला!" तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. येताना चढाला मी उतरून सायकलमागं चालत होते. माझ्या लेकीनं केलाय, असं तुम्ही म्हणाला होतात, आबा. मी ऐकलं होतं. चार माणसांत म्हणाला होतात. मी ते विसरून गेले, कारण विसरल्याशिवाय तुमच्यावर रागावता येत नव्हतं. आणि तरीही कॅमेरा दिला नाहीत. त्याचा राग मी सोडणार नाही, तो माझ्या हक्काचा आहे.

दुपारी मादीचा तो फोटो परत उघडला, एकटीचा. ती हवेत थांबलीय, शेपटी खाली दुमडलेली, संध्याकाळच्या कमी उजेडात पंखांचा नुसता धूसर पंखा झालाय, चोचीत एक कोळी आहे आणि दोन्ही पिल्लं तोंड फाडून तिच्याकडं. एवढा चांगला फोटो मी आयुष्यात काढलेला नाही. मघाशी लिहिलं की तो मला अपुरा वाटला, तुम्ही माझे डोळे तसे केलेत. तसं नाही ते. तो पूर्ण आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. मातकट पाखराला पहिलं बक्षीस कोण देणार, एवढंच मनात आलं आणि मी जांभळा नर बसवला. यात तुमचा काही संबंध नव्हता.

हे पत्र कुठं पाठवणार? प्रदर्शनवाल्या पोराला जे पाठवायचंय ते मात्र पाठवता येतं, दोन्ही फाइली आणि सोबत तुमचा तो पेन्सिलीचा एक शब्द. शनिवार परवावर आलाय. काल फोनवर मी त्याला म्हटलं, फाइल राहिली नाही हो, वीज गेली-आली त्यात डिस्क जळाली. तो कळवळला. "अरेरे ताई, महिनाभराची मेहनत ना तुमची," म्हणाला, मग समितीशी बोलतो, तुमच्यासाठी काहीतरी मार्ग काढू, असं मला समजावत राहिला. मी त्याला बोलू दिलं. डिस्क जळालेली नाही, आबा. चालू आहे.